दलाल बदलला, दलाली तीच
देवगड-मालवणच्या आंबा बागायतदाराला वाशीचा दलाल मोसमाआधी उचल देत आला आणि भावही तोच ठरवीत आला. २०१६ साली राज्याने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. आज अनेक बागायतदार व्हॉट्सॲपवर मागणी घेऊन पेटी थेट गिऱ्हाइकाच्या घरी धाडतात. हे स्वागतार्हच आहे. परंतु तारकर्लीत न्याहारी-निवास चालवणाऱ्यांचा अनुभव विसरता कामा नये. आरक्षणाची संकेतस्थळे पर्यटक आणतात, कमिशन कापून घेतात आणि यादीत वर कोण दिसावे हेही ठरवतात. गिऱ्हाइकाचा पत्ता ज्याच्या वहीत, बाजार त्याचा. ती वही उत्पादकांच्या सहकारी संस्थेकडे हवी. कार्यकर्त्यांनी ही बांधणी आताच हाती घ्यावी.