सीआरपी वाढलाय? आधी लघवी तपासा

गेल्या महिन्यात एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक फाइल घेऊन आले. "डॉक्टर, हे लाल अक्षरात आलंय. मला हार्ट अटॅक येणार का?" तपासणीच्या पॅकेजमध्ये एचएस-सीआरपी ६.२ आला होता आणि शेजारी छापलं होतं, 'हृदयविकाराचा धोका जास्त'. त्याच फाइलमध्ये क्रिएटिनिन १.९ होतं. वय ६१, जुना मधुमेह. म्हणजे ईजीएफआर ४० च्या आसपास. त्या आकड्याची त्यांना काहीच काळजी वाटली नव्हती!

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात कुठेही दाह असला की ते रक्तात वाढतं. लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर हृदयाला धोका कमी आणि ३ पेक्षा जास्त असेल तर अधिक, असं ढोबळमानाने मानतात. पण दाह कुठे आहे, हे ही तपासणी सांगत नाही. साधी सर्दी, किडलेली दाढ, पायाची जखम, संधिवात, यांपैकी कशानेही ती वाढते. आकडा १० च्या वर असेल तर आधी संसर्ग शोधावा आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं.

मूत्रपिंडं मंदावली की दाह वाढवणारे पदार्थ रक्तातून नीट बाहेर पडत नाहीत आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर सतत त्रासात राहतं. म्हणून या रुग्णांत सीआरपी बऱ्याचदा वाढलेला असतो. यातल्या अनेकांवर डायलिसिसची वेळ येण्याआधी हृदयविकारच गाठतो. धोका खरा आहे, पण तो ओळखायला सीआरपीची वाट बघायची गरज नाही. माझ्या मते अशा रुग्णाने पहिले पैसे लघवीतल्या अल्ब्युमिनच्या तपासणीवर, म्हणजे एसीआरवर खर्च करावेत. मूत्रपिंड आणि हृदय दोघांबद्दल ती जास्त सांगते, आणि तिच्यावरून औषधं ठरतात. यांची ती एकदाही झाली नव्हती.

दाह कमी केला तर हृदयाला फायदा होतो का? होतो. २०१७ च्या कॅन्टोस अभ्यासात कोलेस्टेरॉलला हात न लावता नुसता दाह कमी करून हार्ट अटॅक कमी झाले. मात्र त्या औषधाने जीवघेणे संसर्ग वाढले. पण 'दाह' हा शब्द वाचून लोक काय करतात? दुकानातून सूज उतरवणारी गोळी आणतात. आमच्या या काकांनी आठवडाभर आयबुप्रोफेन घेतलं होतं! आधीच दुखावलेल्या मूत्रपिंडाला यासारखं वाईट काही नाही.

आणि जे घ्यायला हवं होतं ते बंद. "कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, म्हणून ती गोळी सोडली." पन्नाशी ओलांडलेल्या, डायलिसिसवर नसलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला स्टॅटिन कोलेस्टेरॉलचा आकडा पाहून द्यायचं नसतं, धोका पाहून द्यायचं असतं. २०११ च्या शार्प अभ्यासात मूत्रपिंडाच्या ९ हजारांहून अधिक रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना स्टॅटिन आणि एझेटिमाइबची जोडगोळी दिली, तेव्हा हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना साधारण एक षष्ठांशाने कमी झाल्या.

त्यांचा रक्तदाब १५८ भरला. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, हे विचारल्यावर सांगितलं. दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. वेदनाशामक बंद, स्टॅटिन पुन्हा सुरू, एसीआर लिहून दिली.

उठताना त्यांनी विचारलंच, "मग सीआरपी परत कधी करायचा?"

म्हटलं, हिरड्या बऱ्या झाल्यावर हवा तर करा. पुढच्या वेळी येताना मात्र घरच्या रक्तदाबाची वही आणा.