कर घेताना विटाळ नाही

गेल्या उत्सवात देवळाच्या सभामंडपात चार मंडळी बसली होती. बोलण्याच्या ओघात मी सांगितले की, अमेरिकेतील रात्रीच्या क्लबांत अंगप्रदर्शन करून नाचणाऱ्या स्त्रियांनाही सरकारला प्राप्तिकराचा हिशेब द्यावा लागतो. मंडळी हसली. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "वकीलसाहेब, तसल्या पैशाचा कसला आला आहे हिशेब?" त्या हसण्याचा समाचार घेण्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. तेथील बहुतेक क्लब या नर्तकीला नोकर मानीत नाहीत, स्वतंत्र व्यावसायिक म्हणवितात. तिला पगार नाही. उलट नाचू देण्याबद्दल तीच क्लबाला रात्रीचे भाडे देते, आणि मिळालेल्या बक्षिसीतून गाणी लावणाऱ्याचा व दारावरील पहारेकऱ्याचा वाटा काढते. असे खर्च वजा जाता जे उरेल त्यावर कर. निव्वळ कमाई वर्षाकाठी 400 डॉलर झाली, की प्राप्तिकराखेरीज वृद्धापकाळाच्या व वैद्यकीय विम्यापोटी 15.3 टक्के दराने आकारणी होते. नोकरदाराचा यातला निम्मा भार मालक उचलतो. हिचा सगळा हिच्याच माथी. शिवाय वर्षातून चार वेळा आगाऊ हप्ते. पैसा रोख मिळाला म्हणून सुटका नाही. तात्पर्य, सरकारी तिजोरीला या पैशाचा विटाळ मुळीच होत नाही.

विटाळ होतो तो सूट देण्याची वेळ आली म्हणजे! इंडियाना राज्यातील एका नर्तकीने केवळ धंद्यासाठी शस्त्रक्रियेने आपले वक्षःस्थळ अवाढव्य करून घेतले, आणि 1988 सालच्या हिशेबात त्यापोटी 2,088 डॉलरांचा घसारा मागितला. करखाते म्हणाले, हा तर खाजगी खर्च. 1994 साली कर न्यायालयाने नर्तकीचे म्हणणे उचलून धरले. ज्या ओझ्याचा नित्याच्या जीवनात त्रासच होतो, ते हौसेने कोण वागवील? तो रंगमंचावरचा वेषच होय, असा त्या निकालाचा आशय. रक्कम लहान असल्याने तो निकाल पुढे दाखला म्हणून चालत नाही. पण न्यायबुद्धी कशी असावी, याचा तो धडा आहे.

आता उलट बाजू पाहा. न्यूयॉर्क राज्यात आल्बनीजवळच्या एका क्लबाने, नृत्यसंगीताच्या प्रयोगांना असलेली विक्रीकराची सूट आपल्यालाही मिळावी, अशी मागणी केली. प्रश्न सुमारे सव्वा लाख डॉलरांचा होता. 2012 साली त्या राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी ती नाकारली. न्यायमूर्ती रॉबर्ट स्मिथ यांनी भिन्न मत नोंदविले. त्यांना स्वतःला तो नाच रुचणारा नव्हता; परंतु कायद्याने नृत्याला सूट दिली असता त्यात उच्च आणि नीच निवडण्याचा अधिकार करखात्याला कोणी दिला, हा त्यांचा प्रश्न होता. मला त्या अल्पमतातच न्याय दिसतो.

कोणी म्हणेल, पापाला प्रतिष्ठा देता काय? मी प्रतिष्ठेविषयी बोलत नाही, हिशेबाविषयी बोलतो आहे. आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली, ज्याच्याजवळचे हेरॉइन जप्त झाले अशा एका डॉक्टरला, त्या मालाची किंमत धंद्यातला तोटा म्हणून वजा करू दिली. नीतीचा संताप कितीही योग्य असला तरी खटला कायद्यानेच निकालात काढावा लागतो, असे न्यायालयाने बजावले. गुन्ह्याच्या मालाला हा न्याय, तर जो नाच तेथे गुन्हाही नाही, त्याला वेगळा न्याय का?

आणि खरा दोषी तर बाजूलाच राहतो. नर्तकीने किती वाजता यावे, किती वेळ नाचावे, भाडे किती द्यावे, हे जेथे क्लबाचा मालक ठरवितो, तेथेही तो कागदावर तिला "स्वतंत्र" म्हणतो आणि आपला निम्मा भार चुकवितो. 2018 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने माल पोहोचविणाऱ्या एका कंपनीच्या खटल्यात, काम करणारा खरोखर स्वतंत्र आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. हसायचेच असेल तर या "स्वातंत्र्या"ला हसावे!

नर्तकीचेही कर्तव्य आहे. रोजची जमा व रोजचा खर्च तिने वहीत टिपलाच पाहिजे. पावतीवाचून वजावट मागणारा वकीलही मी पाहिला आहे, आणि त्याची गय झालेली पाहिली नाही.

सभामंडपातील त्या मंडळींना शेवटी एवढेच विचारतो. आपण ज्या मंडपात बसून हसलो, तेथे एके काळी नृत्याचीही सेवा होत असे. देवाला ती सेवा चालली. सेवा करणारीला मात्र आपल्या पूर्वजांनी पंगतीपासून दूर ठेवले. घ्यायचे आणि हिणवायचे, ही रीत आपल्याला अमेरिकेकडून शिकावी लागली नाही. जिच्या कष्टातला वाटा घेताना हात मागे येत नाही, तिच्या हिशेबाला हसण्याचा अधिकार ना सरकारला आहे, ना आपल्याला.