हेडफोन घेण्यापूर्वी कानांची विचारपूस



गेल्या पंधरवड्यात एका सूनबाईंचे पत्र आले. त्यांचे सासरे बहात्तर वर्षांचे आहेत. गावच्या भजनी मंडळाच्या कार्यक्रमांत ते अनेक वर्षे मिक्सरवर बसून आवाज सांभाळतात आणि रात्री निजण्यापूर्वी तासभर नाट्यपदे ऐकतात. मिक्सरवर आवाज नीट पारखता यावा आणि रात्री घरच्यांची झोपमोड होऊ नये, म्हणून वाढदिवसाला त्यांना हेडफोन द्यावा असा बेत आहे. दोन्ही कामांना एकच चालेल का, असे त्या विचारतात. पत्राच्या शेवटी जाता जाता त्यांनी लिहिले होते, की अलीकडे टाळांचा आवाज फार टोचतो अशी श्रोत्यांची तक्रार असते; मामंजींना मात्र तो मुळीच टोचत नाही.

माझ्या मते पत्रातील खरा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे, म्हणून आरंभ तेथूनच करू.

वय वाढते तसे आंतरकर्णातील सूक्ष्म केसपेशी कमी होत जातात, आणि उंच स्वर टिपणाऱ्या पेशी सहसा आधी जातात. ही झीज इतकी सावकाश होते, की ज्याची त्याला ती जाणवत नाही. टाळांची किणकिण मंद ऐकू आली, की मिक्सरवर बसलेला माणूस प्रामाणिकपणे उंच स्वरांचे बटण वर करतो. त्याच्या कानाला सारे ठीक वाटते आणि श्रोत्यांच्या कानाला टोचते. कितीही महागडा हेडफोन आणला तरी हा दोष जात नाही. तेव्हा खरेदीपूर्वी कानाची तपासणी करून घ्यावी. श्रवणतज्ज्ञाकडील ऑडिओग्राममध्ये साधारणपणे २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतच्या स्वरांची चाचणी होते आणि कोणते स्वर उणे पडले ते आलेखावर दिसते. याचा अर्थ आजोबांनी मिक्सर सोडावा असा नव्हे. उंच स्वरांचे बटण मध्यावर ठेवावे आणि मंडळातील एखाद्या तरुणाला सभागृहात फिरून ऐकायला सांगावे. अनुभव आजोबांचा आणि कान नातवाचा, अशी जोडी उत्तम जमते.

आता हेडफोनकडे वळू. पाठीमागून उघडे असलेले हेडफोन घरी ऐकायला मोकळे आणि सुखद वाटतात. पण त्यांतून आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. पखवाज आणि ध्वनिवर्धकांच्या सान्निध्यात ते निरुपयोगी ठरतात. दोन्ही कामे एकाच हेडफोनने करायची असतील, तर संपूर्ण कान झाकणारा, बंद पाठीचा प्रकार घ्यावा. बाहेरचा गोंगाट जितका अडेल, तितका आतला आवाज कमी ठेवून भागते, हा त्याचा आरोग्यदृष्ट्या सर्वांत मोठा लाभ होय.

बिनतारी हेडफोन मोहक असतात. परंतु ब्लूटूथने आवाज पोहोचायला बहुधा सेकंदाचा दहावा ते पाचवा हिस्सा लागतो. हात टाळावर पडलेला डोळ्यांना आधी दिसतो आणि नाद मागाहून येतो. मिक्सरवर हे चालत नाही. तेथे तारच हवी.

दुकानात ‘ओहम’ हा शब्द ऐकू येईल. हे विद्युतरोधाचे माप आहे. साधारण ३२ ते ८० ओहमचा हेडफोन मिक्सरवरही चालतो आणि मोबाइलवरही. २५० ओहमचा मोबाइलला जोडल्यास आवाज क्षीण वाटू शकतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो या तिन्ही मापांत मिळतो. म्हणून नुसते नाव सांगू नये, मापही सांगावे. मिक्सरची खाच बहुधा ६.३५ मिलिमीटरची आणि घरच्या उपकरणाची ३.५ मिलिमीटरची असते, तेव्हा जोडखिळा सोबत असावा.

तारेचा विचार आपल्या वयात विशेष करावा. रात्री खोलीत पसरलेली लांब तार पायात अडकून पडणे, हा क्षुल्लक अपघात नव्हे. सोनीचा एमडीआर-७५०६ हा ध्वनिमुद्रणाच्या जगात रुळलेला हेडफोन आहे. पण त्याची गुंडाळीदार तार काढता येत नाही. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्ससोबत तीन सुट्या तारा मिळतात. घरी आखूड आणि कार्यक्रमात लांब लावता येते. वजन ३०० ग्रॅमच्या आत असावे. स्वतःचा चष्मा लावून दुकानात किमान वीस मिनिटे घालून पाहावा. कानशिले दुखली तर तो आपला नव्हे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. हेडफोनमध्ये चुंबक असतात. पेसमेकर बसवलेला असल्यास हेडफोन गळ्यात अडकवून छातीवर लोंबू देऊ नये, शर्टाच्या खिशातही ठेवू नये. १५ सेंटिमीटर अंतर राखावे आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. कानामागचे श्रवणयंत्र असल्यास त्यावर हेडफोन बसवताच शिट्टी वाजू शकते. म्हणून यंत्र लावूनच हेडफोन घालून पाहावा.

आता आवाजाचे पथ्य. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत, ही कामाच्या ठिकाणची प्रचलित मर्यादा आहे. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला अवघी पंधरा मिनिटे. घरच्या ऐकण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास सांगते. मिक्सरवर हेडफोन चढवण्यापूर्वी त्याचे बटण शून्यावर आणावे आणि मग हळूहळू वाढवावे. एक कान उघडा ठेवून ऐकण्याची सवय अनेकांना असते. परंतु एकाच कानाने ऐकताना आवाज नकळत वाढवला जातो. थोडा वेळ दोन्ही कानांनी पारखावे आणि हेडफोन उतरवून ठेवावा. कार्यक्रमानंतर कान गुणगुणले, तर त्या रात्री नाट्यपदांना सुट्टी द्यावी. आणि एका कानाचे ऐकू येणे अचानक कमी झाले, तर मळ असेल म्हणून वाट न पाहता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे; उपचाराला उशीर झाला तर गेलेले श्रवण परत मिळणे अवघड होते.

घरच्यांसाठी एक विनंती. बंद हेडफोन घातलेल्या माणसाला दारावरची घंटा किंवा हाक ऐकू येत नाही. पाठीमागून खांद्यावर हात ठेवून दचकवू नये. समोर जाऊन हाताने खूण करावी.

सूनबाई, आपला बेत उत्तम आहे, एकच हेडफोन दोन्ही कामांना पुरेल. मात्र वाढदिवसाच्या आठवडाभर आधी मामंजींना श्रवणतज्ज्ञाकडे घेऊन जा. ‘तुम्हाला ऐकू येत नाही’ असे म्हणू नका. ‘हेडफोन घ्यायचा आहे, कानाचे माप घेऊन येऊ’ असे म्हणा. त्यात खोटे काहीच नाही.