मोहोळ कोणते, ते आधी पाहा

शिमगा सरला, ऊन तापू लागले, की मधमाश्या चावलेले रुग्ण दवाखान्यात येऊ लागतात. "कसली माशी होती?" असे मी प्रत्येकाला विचारतो. उत्तर ठरलेले असते, "डॉक्टर, माशी म्हणजे माशी, कसली काय!" माझे मत असे, की भिवंडीसारख्या दाटीवाटीच्या गावात राहणाऱ्याला हा फरक कळलाच पाहिजे. आपल्याकडच्या माश्यांचे स्वभाव वेगवेगळे, आणि आपण मात्र सर्वांवर एकच इलाज करतो, तो म्हणजे मशाल.

आग्या मोहोळ आधी घेऊ. पाण्याची उंच टाकी, इमारतीचा सज्जा, जुना पिंपळ अशा जागी लोंबणारे दोन-तीन हात रुंदीचे एकच काळपट पोळे दिसले, तर ते आग्याचे. या माशीचे घर उघड्यावर असते. त्याला दार नाही, भिंत नाही. म्हणून हजारो माश्या अंगाचाच पडदा करून पोळे झाकतात आणि धोका वाटला की एकदम तुटून पडतात. पोळ्यावरून मधूनच एक लकाकती लाट सरकताना दिसते, ती शोभा नव्हे. शेकडो माश्या ओळीने पोट उचलून गांधीलमाशीला दूर राहण्याचा इशारा देत असतात.

सातेरी अगदी निराळी. ती झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते, दाराशी मोजके पहारेकरी ठेवते. डिवचली तर चावते, पण फार छळ झाला की घर सोडून निघून जाते. महाबळेश्वरकडे पेटीत पाळतात ती हीच. फुलोरी त्याहून लहान. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे करते आणि सहसा भांडणात पडत नाही. जुन्या भिंतीच्या फटीतून मेणाची नळी बाहेर काढणारी चिलटाएवढी काळी माशी तर डंखच मारू शकत नाही. केसांत शिरते, बारीक चावते, एवढेच. तिच्यासाठी रॉकेलचे बोळे पेटवणारे लोक मी पाहिले आहेत!

म्हणजे खरी काळजी आग्याची. पण तीही उगाच अंगावर येत नाही. संक्रांतीच्या पतंगाचा मांजा पोळ्यात अडकतो, खाली कचरा पेटवतात, वरातीचे फटाके फुटतात. कधी मधुबाज नावाचा शिकारी पक्षी पोळ्यावर झडप घालून जातो आणि राग खालच्या माणसांवर निघतो. मार्च 2025 मध्ये शिवनेरी किल्ल्यावर पर्यटकांवर झालेला हल्ला वाचकांना आठवत असेल. गडावर, लेण्यांत किंवा वज्रेश्वरीच्या बाजूला सहलीला जाताना आधी वर बघावे आणि अत्तर, धूर, आरडाओरडा टाळावा.

आमच्या गावाची आणखी एक खास गोष्ट आहे. आग्या माशी चांदण्या रात्रीही उडते आणि दिव्याकडे ओढली जाते. रात्रपाळीच्या लूमवर ट्यूबलाइटखाली पडलेल्या माश्यांवर अनवाणी पाय पडतो. माशी अर्धमेली असली तरी नांगी काम करते. कारखानदारांनी या दिवसांत फरशी झाडून घ्यावी, कामगारांनी चपला घालाव्यात.

माशीने डंख मारला की काटेरी नांगी विषाच्या पिशवीसकट कातडीत राहते आणि पिकलेल्या केळ्यासारखा एक वास सुटतो. तो वास म्हणजे इतर माश्यांना बोलावणे. म्हणून हातवारे करू नका, माश्या चिरडू नका. तोंड-डोळे पदराने झाका आणि सरळ पळत बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. विहिरीत, तळ्यात उडी मारू नका. माश्या वर घिरट्या घालत थांबतात. आडोशाला आल्यावर नांग्या काढा. नखाने, चिमट्याने, कशानेही काढा, पण लगेच काढा, कारण बहुतेक विष पहिल्या वीसएक सेकंदांतच अंगात जाते. चुना, तंबाखू आणि लोखंड चोळण्यात वेळ घालवू नका. बर्फ पुरे.

आता मुद्द्याची गोष्ट. ज्याला ॲलर्जी आहे त्याला गरीब सातेरीचा एकच डंखही जिवावर बेतू शकतो. सर्वांगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, दम लागणे, उलटी, चक्कर ही लक्षणे काही मिनिटांत दिसू लागतात. अशा वेळी औषध एकच, मांडीच्या स्नायूत ॲड्रिनलिनचे इंजेक्शन. आपल्याकडे एव्हिल आणि स्टिरॉइड टोचून रुग्णाला घरी पाठवण्याची सवय आहे. ती जोडी ॲड्रिनलिनची जागा घेऊ शकत नाही, हे मी माझ्या व्यवसायबंधूंना स्पष्ट सांगू इच्छितो. ॲम्प्यूल स्वस्त आहे, ते प्रत्येक दवाखान्यात हवे.

ॲलर्जी नसली तरी मोठ्या माणसाला पन्नासएक डंख आणि मुलांना त्याहून कमी असले, तरी इंदिरा गांधी रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात दाखल व्हावे. विषाने स्नायू व रक्तपेशी फुटतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. दोन-तीन दिवस लघवीकडे लक्ष ठेवावे. ती कमी झाली किंवा कोकम सरबतासारखी लाल दिसली, तर ताबडतोब डॉक्टरांना सांगावे.

सोसायटीच्या सेक्रेटरींना एक विनंती. वॉचमनच्या हाती मशाल देऊ नका. जळालेल्या पोळ्याच्या उरलेल्या माश्या तिथेच घोंगावत राहतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेला निघालेली पोरे त्यांच्या तावडीत सापडतात. उंचावरचे आग्या मोहोळ ऋतू पालटला की आपण होऊन जागा सोडते. तोवर खालून वाट बंद करा. अगदी दारावरच असेल, तर जाणकार मध काढणाऱ्याला अंधार पडल्यावर बोलवा आणि त्या रात्री सर्व घरांच्या खिडक्या लावून, दिवे मालवून ठेवायला सांगा.