चेहरा काय फक्त स्टारलाच असतो?

सप्टेंबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. एआय वापरून त्यांच्या आवाजाची नक्कल पुरवणाऱ्यांना आणि त्यांच्या नावा-फोटोवर माल विकणाऱ्यांना न्यायालयाने रोखलं. आदल्या वर्षी याच न्यायालयाने अरिजित सिंग यांना असंच संरक्षण दिलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये अमिताभ बच्चन, 2023 मध्ये अनिल कपूर आणि 2024 मध्ये जॅकी श्रॉफ यांच्या बाजूने आदेश दिले. कपूर यांच्या आदेशात 'झकास' आहे, श्रॉफ यांच्या आदेशात 'भिडू'.

याला व्यक्तिमत्त्व हक्क म्हणतात. तुमचं नाव, चेहरा, आवाज, लकब तुम्हाला न विचारता कुणी धंद्यासाठी वापरायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. खाजगीपणाचा हक्क, ट्रेडमार्क आणि कॉपीराइट यांतून न्यायालयांनी तो एकेका खटल्यात उभा केला आहे.

आशाताईंचा आवाज चोरणाऱ्यांना चाप बसला, ते योग्यच झालं. माझा वाद आशाताईंशी नाही. चेहऱ्याचं रक्षण करायच्या आधी त्याचा बाजारभाव विचारणाऱ्या मानसिकतेशी माझा वाद आहे.

आता आपल्या बीडमध्ये या. नीटचा निकाल लागला की आठ दिवसांत चौकाचौकात फ्लेक्स उभे राहतात. माझ्या मामेबहिणीला चांगले मार्क पडले, तेव्हा एका क्लासच्या फ्लेक्सवर तिचा फोटो झळकला. त्या क्लासमध्ये ती कधी शिकलीच नव्हती, फक्त टेस्ट सिरीज दिली होती. मामू विचारायला गेले तर सर म्हणाले, "अहो, तुमच्याच पोरीचं नाव झालं ना? फुकटात प्रसिद्धी मिळाली की!" फ्लेक्स पुढची अॅडमिशन संपेपर्यंत हलला नाही. त्या फोटोवर क्लासने फी गोळा केली. मग हा धंद्यासाठी केलेला वापर नाही तर काय? बच्चन यांच्या फोटोवर लॉटरी विकणारा आणि माझ्या बहिणीच्या फोटोवर बॅच भरणारा, यांच्यात फरक फक्त वकिलाच्या फीचा आहे.

आणि तो फरक मोठा आहे. मुंबईत राहणाऱ्या स्टारला असा दावा थेट उच्च न्यायालयात लावता येतो. बीडच्या माणसाला साधारणपणे जिल्हा न्यायालयातून सुरुवात करावी लागते. तारखा पडत राहतात, फ्लेक्सचं काम तोवर कधीच झालेलं असतं.

पण सामान्य माणसाला असा हक्क देताच येत नाही, हे खोटं आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो वापरायचा असेल तर त्याची लेखी संमती हवी, आणि तीही निकाल लागल्यानंतर घेतलेली. प्रवेशाच्या फॉर्मवर आधीच सही घेऊन ठेवलेली चालत नाही. विद्यार्थी प्रसिद्ध आहे का, हे तिथे कुणी विचारत नाही. हेच तत्त्व फोटो स्टुडिओला, ब्यूटी पार्लरच्या रीलला, संस्थांच्या देणगीच्या पत्रकाला का लागू नको? आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचे चेहरे किती पत्रकांवर छापले गेले. त्यांतल्या किती जणींना कुणी विचारलं?

आता दुसरी बाजू. चेहऱ्याचा वापर दरवेळी पैशासाठीच होतो असं नाही. जुलै 2021 मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी 2022 मध्ये 'बुल्ली बाई' या अॅपवर मुस्लिम बायकांचे फोटो लावून त्यांचा लिलाव मांडला गेला. विकलं काहीच गेलं नाही, हेतू फक्त बेइज्जतीचा होता. पहिल्या प्रकरणात अटक व्हायला सहा महिने लागले, तीही दुसरं प्रकरण पेटल्यावर. अशा वेळी नुकसान रुपयांत मोजणारा हक्क काय कामाचा? म्हणून पाया बाजाराचा नको, माणसाचा हवा. 2017 च्या पुट्टास्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा कलम 21 खालचा मूलभूत हक्क ठरवला. तो प्रत्येक व्यक्तीचा आहे, त्याला फॅन क्लब लागत नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून एक गोष्ट खात्रीने सांगतो. सार्वजनिक अकाउंटवरचे हजारो फोटो उतरवून घ्यायला छोटासा प्रोग्राम पुरतो. स्टारचा चेहरा किरकोळ बाजारात विकला जातो, आपले चेहरे घाऊक बाजारात जातात. चेहरे ओळखणारी यंत्रं त्यांच्यावरच शिकतात. क्लिअरव्ह्यू एआय या अमेरिकी कंपनीने असेच अब्जावधी फोटो गोळा केले. नेदरलँड्सने 2024 मध्ये तिला 3 कोटी 5 लाख युरोंचा दंड ठोठावला. आपल्याकडच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मात्र मोठं भगदाड आहे: जी माहिती तुम्ही स्वतः सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागूच नाही. म्हणजे ईदचा फोटो तुम्ही सर्वांना दिसेल असा टाकलात, की कायद्याने हात झटकले. डेन्मार्कच्या सरकारने 2025 मध्ये प्रत्येक नागरिकाला स्वतःच्या चेहऱ्यावर आणि आवाजावर हक्क देण्याचा प्रस्ताव मांडला. आपण निदान ते भगदाड तरी बुजवा म्हणून मागणी करू शकतो.

काही जण म्हणतील, सगळ्यांना असा हक्क दिला तर टीका, व्यंगचित्रं, मिमिक्री बंद पडेल. ही भीती रास्त आहे, पण ती स्टारच्या हक्कालाही लागू होते. अनिल कपूर यांच्या आदेशातही न्यायालयाने टीका आणि विडंबनाला जागा ठेवली आहे. नेत्याच्या कारभारावर हसणं वेगळं, अंबाजोगाईच्या मुलीचा फोटो मॉर्फ करणं वेगळं. हे कळायला कायद्याची पदवी लागत नाही.

शेवटचं भांडण घरातलं. मुलीचा फोटो कुणी वापरला तर आपण पहिल्यांदा तिचाच मोबाइल काढून घेतो. "चुप रहो, इज्जत का सवाल है." इज्जत तिची गेलेली नाही. गुन्हा करणाऱ्याला आपल्या गप्प बसण्याने सूट मिळते.

तेव्हा स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा. नग्न किंवा मॉर्फ केलेला फोटो असेल तर प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याला कळवा. 2021 च्या आयटी नियमांनी अशा तक्रारीवर 24 तासांत कारवाई बंधनकारक केली. तिच्या वतीने दुसरं कुणीही तक्रार करू शकतं, म्हणजे भाऊ म्हणून तुम्हीही. दुसऱ्याच्या नावा-फोटोने फसवणूक केली तर आयटी कायद्याची कलमं 66क आणि 66ड आहेत, सायबर पोलिसांकडे जा. क्लासच्या फ्लेक्सवर न विचारता फोटो दिसला तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा. आणि आपल्या आमदार-खासदाराला एक प्रश्न विचारा: स्टारच्या चेहऱ्याला जो मान आहे, तो आमच्या पोरींच्या चेहऱ्याला कधी मिळणार?