मौन म्हणजे संस्कार नव्हे

लहान मुलांशी समलैंगिकतेविषयी बोलावे की नाही, हा प्रश्न आता शिल्लकच राहिलेला नाही. दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनी आणि शाळेचे मैदान त्यांच्याशी केव्हाच बोलू लागले आहे. आई-वडील बोलणार की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. 17 ऑक्टोबर 2023 रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले. दोन्ही निकालांची चर्चा घरोघरी पोहोचली. आठ वर्षांच्या मुलाला मथळा वाचता येतो. त्याने अर्थ विचारला की सुशिक्षित घरातले उत्तर ठरलेले असते, ‘मोठा झालास की कळेल.’ त्याला ते त्याच दिवशी कळते, पण वर्गातल्या टवाळ पोरांकडून आणि शिवीच्या रूपात.

शासनाची तऱ्हाही निराळी नाही. 2007 साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतील किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम रोखला. 2021 साली एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांविषयीची शिक्षक-पुस्तिका आक्षेप येताच काढून घेतली. पुस्तिका मागे घेता येते. मुलाचा प्रश्न मागे घेता येत नाही.

दुसऱ्या टोकाला पाश्चात्त्य चळवळींची जशीच्या तशी नक्कल करणारे आहेत. सहा वर्षांच्या बालकापुढे संज्ञांची जंत्री मांडणे म्हणजे शिक्षण नव्हे. बालकाने विचारले तेवढे, त्याला पेलेल तेवढेच सांगावे, हे तारतम्य त्यांच्यापाशी नाही. म्हणूनच हे काम घराचे आहे.

आणि ते अवघडही नाही. आई-बाबांच्या विवाहाची हकीकत सांगताना शयनगृहाचे वर्णन कोणी करीत नाही. त्याचप्रमाणे, ‘काही पुरुषांना पुरुषाविषयी आणि काही स्त्रियांना स्त्रीविषयी तसे प्रेम वाटते, त्यांची टिंगल करायची नाही,’ एवढे सांगण्यात अश्लील ते काय?

बोलल्याने मूल ‘बिघडेल’, ही भीती तर्काला टिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी स्त्री-पुरुषांच्याच संसाराच्या कथा सांगितल्या गेल्या. तरीही त्याच घरांत समलिंगी व्यक्ती जन्मल्या. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. कल बदलण्याच्या तथाकथित उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 साली व्यावसायिक गैरवर्तन ठरविले.

शिखंडी आणि बृहन्नडेची कथा आजीने नातवंडांना निःसंकोच सांगितली. घारापुरीच्या लेण्यातील अर्धनारीश्वरापुढे कोणी मुलांचे डोळे झाकले नाहीत. लिंगभाव आणि लैंगिक कल या भिन्न गोष्टी आहेत, हे खरे. परंतु वेगळेपणाकडे निर्भयपणे पाहण्याची दृष्टी एकच. अशी माणसे समाजात सदैव होती आणि ती समाजाचाच भाग आहेत, असे सरसंघचालक मोहनजी भागवत यांनीही जानेवारी 2023 मधील मुलाखतीत सांगितले होते. विवाहाच्या कायद्याविषयी मतभेद राहतील. माणसाच्या प्रतिष्ठेविषयी ते राहू नयेत.

कारण वर्गात ‘बायल्या’ म्हणून हिणवला जाणारा मुलगा परका नसतो. तो कोणाच्या तरी घरी संध्याकाळी परततो आणि गप्प बसतो. टवाळी करणाराही कोणाच्या तरी सुसंस्कृत घरातलाच असतो. या दोघांशी बोलण्याचे कर्तव्य टाळणाऱ्या कुटुंबाने संस्कारांची भाषा कोणत्या तोंडाने करावी?