कंसातला ४२ नंबर

दरवर्षी नोव्हेंबर संपता संपता एक ठरलेली बातमी येते: हवामान परिषद फसली. मग दोन दिवस आपण सगळे चिडतो. खाजगी विमानातून उतरणाऱ्या पुढाऱ्यांचे फोटो फिरतात, तेल कंपन्यांची किती माणसं गळ्यात पास अडकवून हिंडत होती याचे आकडे फिरतात, एखादं मीम बरं चालतं. तिसऱ्या दिवशी फीडवर दुसरंच काहीतरी असतं.

मला या चिडण्याचा कंटाळा आलाय. राग खोटा आहे असं नाही, तो चुकीच्या जागी खर्च होतोय. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. एखादी सिस्टिम तीस वर्षं, तीस वेगवेगळ्या ऑपरेटरांच्या हाताखाली, तोच निकाल देत असेल तर आमच्या धंद्यात ऑपरेटरला कुणी शिव्या देत नाही. कोड उघडून बघतात. या परिषदांचा कोड म्हणजे त्यांची कार्यपद्धती. ती कुणालाही वाचता येते, पण बहुतेक जण वाचत नाहीत, कारण ती भयंकर कंटाळवाणी आहे. त्या कंटाळवाण्या कागदात एक नियम आहे, क्रमांक ४२. तीस वर्षं तो चौकटी कंसात पडून आहे.

कंस म्हणजे काय ते आधी सांगतो. आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत ज्या मजकुरावर एकमत झालेलं नसतं तो चौकटी कंसात ठेवतात. सहमती झाली की कंस निघतो. पहिली परिषद १९९५ साली बर्लिनला झाली. अध्यक्षपदी होत्या जर्मनीच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री अँगेला मर्केल. पुढे त्या सोळा वर्षं चॅन्सेलर राहून निवृत्तही झाल्या, पण त्यांच्यासमोरचा तो कंस अजून निघालेला नाही. ४२वा नियम मतदानाचा आहे: सहमती होतच नसेल तर किती मतांनी निर्णय घ्यायचा? तेल निर्यात करणाऱ्या देशांना, त्यात सौदी अरेबिया पुढे, महत्त्वाच्या निर्णयांवर मतदानच नको होतं. श्रीमंत देशांना पैशाच्या निर्णयांवर मतदान नको होतं. दोघांचंही भागलं. तेव्हापासून दरवर्षी पहिल्या दिवशी अध्यक्ष एकच वाक्य वाचतात: नियमांचा मसुदा ४२वा वगळून लागू राहील. आपल्याकडे याला भिजत घोंगडं म्हणतात.

आणि हा नियम मंजूर कसा व्हायचा? मूळ करारनाम्याचं सातवं कलम सांगतं की कार्यपद्धतीचे नियम सहमतीनं स्वीकारायचे. म्हणजे सहमतीशिवाय निर्णय घ्यायची सोय हवी असेल तर तीही सहमतीनंच. आमच्याकडे याला डेडलॉक म्हणतात आणि ज्यानं तो लिहिला त्याला रात्री अडीचला फोन लावतात.

आता हाउसिंग सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही विचारा. लिफ्ट बदलायचीय, आणि एकाही सभासदाचा विरोध नको अशी अट आहे. शिवाय विरोध करायचा हक्क ज्याची थकबाकी सगळ्यात मोठी त्यालाही आहे. ती लिफ्ट कधी बदलेल? महाराष्ट्रात आख्खी बिल्डिंग पाडून नवी बांधायला निम्म्याहून अधिक सभासदांची संमती पुरते. पृथ्वीच्या वातावरणाला मात्र प्रत्येकाची लागते.

प्रत्येकाची लागते, असं कागदावर. सभागृहात काय होतं ते जास्त मासलेवाईक आहे. सहमती म्हणजे काय याची व्याख्या कुठेच लिहिलेली नाही. व्यवहारात अर्थ असा की अध्यक्षांनी हातोडा आपटताना कुणी हरकत घेतलेली नसावी. मग सगळा खेळ हातोड्याच्या टायमिंगचा. २०१० साली कानकूनला बोलिव्हियानं उभं राहून स्पष्ट शब्दांत विरोध केला. अध्यक्ष पॅट्रिशिया एस्पिनोसा म्हणाल्या, सहमती म्हणजे एकमत नव्हे, आणि करार मंजूर. २०१५ साली पॅरिसला निकाराग्वाला बोलायचं होतं. लोराँ फाबियस यांनी हातोडा आधी मारला, माइक नंतर दिला. २०२३ साली दुबईत तर कमालच झाली. ठराव मंजूर झाला, टाळ्या पडल्या, आणि मग सामोआच्या अ‍ॅन रासमुसेन यांनी सांगितलं की छोट्या बेटांच्या गटाचे प्रतिनिधी त्या क्षणी सभागृहातच नव्हते. ते आत येण्याआधी हातोडा पडला होता. ज्यांची जमीन समुद्रात चाललीय ते दाराबाहेर, आणि आत सहमती.

दुसऱ्या बाजूला हे बघा. पॅरिस करार मंजूर होण्याच्या अगदी तोंडावर अमेरिकेच्या लक्षात आलं की कलम ४.४ मध्ये श्रीमंत देशांच्या कपातीबद्दल ‘शॅल’ लिहिलंय, म्हणजे बंधनकारक. त्यांना ‘शुड’ हवं होतं, म्हणजे करावं, जमलं तर. ‘शॅल’ राहिलं असतं तर करार सिनेटपुढे न्यावा लागला असता आणि तिथे तो मेला असता. दोन तास धावपळ झाली. शेवटी सचिवालयाच्या अधिकाऱ्यानं काही किरकोळ टायपिंगच्या दुरुस्त्या वाचून दाखवल्या आणि त्यांच्या रांगेत हा शब्दही बदलून टाकला. प्रॉडक्शनला जाणाऱ्या रिलीजमध्ये ‘टायपो फिक्स’ असा मेसेज टाकून कुणी कंडिशन बदलली तर त्याची नोकरी जाते. इथे इतिहास घडला म्हणून लोक रडले, मिठ्या मारल्या.

म्हणजे व्हेटो सगळ्यांना आहे हे अर्धसत्य आहे. बोलिव्हिया आडवा आला तर हातोडा पडतो, अमेरिका किंवा सौदी आडवे आले तर शब्द पडतो. मतदानात बोलिव्हियाचं मत निदान मोजावं तरी लागलं असतं.

आणि आपण? भारतानंही ही पद्धत वापरलीय. २०२१ साली ग्लासगोत, शेवटच्या सत्रात, कोळसा ‘बंद करत नेणं’ याऐवजी ‘कमी करत नेणं’ हा बदल आपले मंत्री भूपेंद्र यादव यांनी वाचून दाखवला. चीन बरोबर होता. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांना माफी मागताना हुंदका आला, आणि जगभरच्या पेपरांत आपण खलनायक झालो. यात आपली बाजू पूर्ण लंगडी नव्हती हे मी इथेच सांगून टाकतो. मसुद्यात फक्त कोळसा होता. ज्यावर श्रीमंत देश चालतात त्या तेल आणि गॅसचं नाव नव्हतं. दरडोई उत्सर्जनात आपण जगाच्या सरासरीच्या बरेच खाली आहोत. मुद्दा बरोबर होता, पण तो मांडायची एकमेव जागा शेवटच्या पाच मिनिटांतली अडवणूक असेल तर बरोबर मुद्दाही अडवणूकच दिसतो.

मग २०२४ साल आलं, बाकू. विकसनशील देश वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर मागत होते. ठरले ३०० अब्ज, तेही २०३५ पर्यंत. हातोडा पडला, त्यानंतर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना उभ्या राहिल्या. आम्हाला स्वीकारण्याआधी बोलायचं होतं, ते बोलू दिलं नाही. हा दस्तऐवज दृष्टिभ्रमापलीकडे फारसा नाही, असं त्यांनी सुनावलं. सभागृहात टाळ्या झाल्या. ठराव जिथे होता तिथेच राहिला. कोळशाच्या शब्दासाठी आपला आवाज चालला. पैशाच्या वेळी आपली रवानगी बोलिव्हियाच्या रांगेत झाली.

पैशाचं थोडं सविस्तर बोलायला हवं. २००९ साली कोपनहेगनला श्रीमंत देशांनी कबूल केलं की २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ. हा आकडा पहिल्यांदा गाठला गेला २०२२ साली, त्यांच्याच संघटनेच्या, ओईसीडीच्या हिशेबानं. त्यातल्या सरकारी पैशात मोठा वाटा कर्जाचा. शेजाऱ्यानं तुमच्या भिंतीला भगदाड पाडायचं आणि दुरुस्तीसाठी तुम्हालाच व्याजानं पैसे द्यायचे. ‘हानी आणि नुकसान’ निधी २०२२ साली शर्म-अल-शेखला मान्य झाला, पुढच्या वर्षी दुबईत सुरू झाला. सगळ्या जगाची सुरुवातीची वचनं मिळून सुमारे ७० कोटी डॉलर. अमेरिकेचे त्यात पावणेदोन कोटी. आणि पॅरिसच्या ठरावात ५१वा परिच्छेद आधीच घालून ठेवलेला आहे की हानी-नुकसानाच्या कलमावरून कुणाचीही भरपाईची जबाबदारी निघत नाही.

हे वाचताना मला श्रीवर्धन आठवतं. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि काही तासांत सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं झाड लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. माझ्या मामानं लावलेली नवी रोपं आत्ता कुठे धरू लागलीत. तेवढ्या काळात या परिषदांनी एक निधी तयार केला, त्याचं संचालक मंडळ नेमलं आणि तो कुणी भरायचा यावर वाद घातला. एकट्या निसर्गला हवामानबदलच जबाबदार असं मी म्हणत नाही, तो हिशेब शास्त्रज्ञांचा. पण तापलेल्या समुद्रावर वादळं जोर धरतात, आणि अरबी समुद्र तापतोय.

मतदानाच्या विरोधात एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: मतदान लादलं तर मोठे देश उठून जातील. ठीक. सहमतीनं ते थांबले का? अमेरिका क्योटोतून २००१ साली बाजूला झाली, पॅरिसमधून एकदा २०२० साली बाहेर पडली, परत आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडायची सही झाली. कॅनडानं २०११ साली क्योटो सोडला. ज्यांना थांबवण्यासाठी करार पातळ केला ते गेले, आणि पातळ करार राहिलेल्यांच्या वाट्याला आला.

दुसरा युक्तिवाद माझ्याच धंद्यातून येतो, आणि तो जास्त गंभीर आहे. इंटरनेटचे प्रोटोकॉल ठरवणारी आयईटीएफ ही संस्था मतदान करत नाही. तिथे ढोबळ सहमतीवर काम चालतं, चक्क खोलीतल्या लोकांच्या गुणगुणण्याच्या आवाजावरून अंदाज घेतात, आणि त्यातून बनलेल्या गोष्टीवरच तुम्ही हा लेख वाचताय. मग सहमती वाईट कशी? फरक असा, की तिथे हरकत घेणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं, त्याची मर्जी राखावी लागत नाही. हरकतीचं तांत्रिक उत्तर दिलं की तो एकटा अडवू शकत नाही. आणि ज्याला पटत नाही तो स्वतःचा वेगळा प्रोटोकॉल लिहून बघू शकतो. वातावरण फोर्क करता येत नाही.

उलट उदाहरण हवं असेल तर ओझोनचं घ्या. १९८७चा माँट्रियल करार. त्यात स्पष्ट तरतूद आहे: सहमतीचे सगळे प्रयत्न संपले तर कपातीचं वेळापत्रक दोन तृतीयांश मतांनी कडक करता येईल, आणि ते सगळ्या सदस्यांवर बंधनकारक असेल. १९९०च्या लंडन दुरुस्तीनं आणखी अट घातली की विकसित आणि विकसनशील, दोन्ही गटांत वेगवेगळं बहुमत हवं. तिथे निधीही आला, करारात नसलेल्यांशी व्यापारावर बंधनंही आली. निर्णय तिथेही बहुधा सहमतीनंच होतात. पण अडवणाऱ्याला ठाऊक असतं की फार ताणलं तर हात वर करायला लावतील. आज ओझोनचा थर सावरतोय. (त्यात रसायनं मोजकी होती आणि पर्याय हाताशी होते हे खरंच आहे. कोळसा-तेल सोडणं त्याहून कितीतरी अवघड. पण म्हणून अवघड कामाला जास्त दुबळी पद्धत का?)

मतदान आलं म्हणून उद्या तेलविहिरी बंद होणार नाहीत. कुठल्याही ठरावाला पोलीस नाहीत. पण एक गोष्ट नक्की बदलेल: नोंद राहील. २०२५ साली ब्राझीलच्या बेलेममध्ये ८०हून अधिक देशांनी जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचा आराखडा मागितला. अंतिम ठरावात ‘जीवाश्म इंधन’ हे शब्दसुद्धा नाहीत. कुणी काढले? पत्रकारांनी नावं लिहिली, त्या देशांनी नाकारायला वाव ठेवला, अधिकृत कागदावर काहीच नाही. आमच्याकडे कुठल्याही ओळीवर ‘गिट ब्लेम’ चालवलं की ती कुणी, कधी लिहिली ते कळतं. इथे जगातल्या सगळ्यात महागड्या मजकुरातून शब्द गायब होतात आणि कमिटवर नाव नसतं. वोट झालं की ‘नाही’च्या रकान्यात नाव येतं. ते नाव घेऊन श्रीवर्धनचा माणूस आपल्या खासदाराला विचारू शकतो. कदाचित त्या रकान्यात भारताचंही नाव असेल. असू दे. मग संसदेत आपल्याला कारण सांगावं लागेल, आणि कोळशाबद्दलचं आपलं कारण सांगण्यासारखं आहेच.

डेडलॉकमधून वाट नाही असंही नाही. मूळ करारनाम्याचं १५वं कलम म्हणतं की करारनाम्यात दुरुस्ती करायला सहमतीचे प्रयत्न संपले तर तीन चतुर्थांश मतं पुरतात. पापुआ न्यू गिनी आणि मेक्सिकोनं २०११ साली हीच वाट धरली: करारनाम्यातच बदल करून शेवटचा उपाय म्हणून मतदान आणा. प्रस्ताव अजेंड्यावर गेला आणि तिथेच लोंबकळत राहिला. विकसनशील देशांच्या जी-७७ गटात १३०हून अधिक सदस्य आहेत आणि करारनाम्याचे एकूण पक्षकार १९८. दोन तृतीयांश म्हणजे १३२. हे सगळे एका बाजूनं मत देतील असं नाही, सौदीही याच गटात आहे. पण ज्यांच्याकडे हे संख्याबळ आहे त्यांनीच मतमोजणीला घाबरावं याचं मला नवल वाटतं. आपल्या शिष्टमंडळानं या प्रस्तावासाठी जोर लावल्याचं कधी दिसलं नाही. बाकूनंतर तरी दिसायला हवं होतं.

माझा जन्म १९९७चा, क्योटो कराराच्या वर्षीचा. बर्लिनच्या पहिल्या परिषदेच्या वर्षी हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सुमारे ३६१ भाग होता, २०२४ साली सुमारे ४२४. पॅरिसपासून अंदाज सुधारलेत, मान्य. तेव्हा शतकाअखेर जवळपास ४ अंश वाढ दिसत होती, आता सध्याच्या धोरणांनुसार २.८. त्यात स्वस्त झालेल्या सोलरचा वाटा मोठा आहे, आणि सोलर स्वस्त व्हायला कुणाची सहमती लागली नव्हती.

पुढची परिषद नोव्हेंबर २०२६ मध्ये तुर्कस्तानात अंताल्याला आहे. अजेंड्याच्या दुसऱ्याच विषयात ‘कार्यपद्धतीचे नियम स्वीकारणे’ अशी ओळ असेल. ती वाचून पुढे सरकायला मिनिटसुद्धा लागत नाही. लाइव्ह स्ट्रीम असतं. त्या मिनिटात भारताच्या पाटीमागचं कुणी माइकचं बटण दाबतं का, तेवढं बघा.